कॉम्प्युटरवर नवीन प्रोटीन डिझाइन करायचंय? मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी पहिल्या पायरीपासून

२०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं तेव्हापासून संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, सगळीकडचे बायोटेक अन् मायक्रोवाले एकच विचारायलेत की हे प्रोटीन डिझाइन आपल्याला जमतं का, त्याला सुपरकॉम्प्युटर लागतो का, पुण्या-बेंगळुरूलाच जावं लागतं का. तर कॉम्प्युटरवरचं सगळं काम घरी बसून साध्या लॅपटॉपवर, एक रुपया खर्च न करता होतं. लॅबचा भाग वेगळा, त्याला पैसे लागतात, परवानगी लागते, त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

मी स्वतः हे सगळं मराठवाड्यातच राहून शिकलो, आणि शिकताना जाणवलं की व्हिडिओ भरपूर आहेत पण कुठं थांबायचं, कुठलं डिझाइन फेकून द्यायचं हे कुणी नीट सांगत नाही. डिझाइन तयार करणं आता सोपं झालंय, बटण दाबलं की रंगीत प्रोटीन समोर येतं. त्यातलं कुठलं नाकारायचं हे कळणं म्हणजे खरं शिकणं, म्हणून या लेखात तपासणीवर जास्त भर दिलाय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण इथं बऱ्याच जणांचा घोळ होतो. अल्फाफोल्ड हे सॉफ्टवेअर तुम्ही दिलेल्या सिक्वेन्सवरून, म्हणजे अमिनो ॲसिडच्या क्रमावरून, प्रोटीनचा आकार सांगतं. डिझाइनमध्ये उलटं चालतं, आधी आपल्याला पाहिजे तो आकार ठरवायचा आणि मग त्या आकारात घडी बसेल असा सिक्वेन्स शोधायचा. नुसता अंदाजाने शोधायचा म्हटलं तर अमिनो ॲसिड २०, प्रोटीन १०० ची, म्हणजे पर्याय किती तर एकावर साधारण १३० शून्य. म्हणून कॉम्प्युटर लागतो.

काय काय लागतं

- गुगल अकाउंट, आणि ड्राइव्हवर थोडी मोकळी जागा. फुकटच्या १५ जीबीत सुरुवातीचं काम भागतं.
- ८ जीबी रॅमचा कुठलाही लॅपटॉप. जड हिशोब गुगल कोलॅबच्या (ब्राउझरमधून गुगलचा कॉम्प्युटर वापरायची सोय) मशीनवर होतो, आपला लॅपटॉप फक्त खिडकी.
- ब्राउझर, आणि आकार बघायला कायमेरा-एक्स. हे सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियानं बनवलंय, शिकण्यासाठी फुकट आहे.
- एक्सेल किंवा गुगल शीट. हे सगळ्यात महत्त्वाचं, हसण्यावारी नेऊ नका.
- पायथन थोडं येत असेल तर चांगलंच, नसेल तरी सुरुवात अडत नाही, कोलॅबच्या तयार नोटबुकमध्ये, म्हणजे कोड आधीच लिहिलेल्या पानावर, फक्त रकाने भरायचे असतात.

नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असलं तरी चालतं, फाइली लहान असतात. अडचण लाइटची. गावाकडं लाइट गेली, राउटर बंद पडला, कोलॅबचा टॅब तुटला की थोड्या वेळात तिकडचं सेशनही बंद होतं आणि तिथं साठलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून नोटबुक उघडल्याबरोबर पहिलं काम ड्राइव्ह जोडून घ्यायचं आणि प्रत्येक निकाल तिथंच जाईल असं बघायचं. शिवाय रनटाइमच्या सेटिंगमध्ये जाऊन जीपीयू (असे जड हिशोब भराभर करणारी चिप) निवडलाय का ते बघा. तो निवडायचा राहिला तर आरएफडिफ्युजन (पायरी ३ मधलं, प्रोटीनचा आकार बनवणारं साधन) एकतर चालणारच नाही किंवा तासन् तास तसंच बसेल.

१. आधी कागदावर एक वाक्य लिहा

"मला असं प्रोटीन पाहिजे की जे अमुक करतं." हे वाक्य लिहिता येत नसेल तर लॅपटॉप उघडू नका. मोटामोटी तीन प्रकारची कामं असतात: असलेलं प्रोटीन सुधारणं (उदाहरणार्थ एखादं एन्झाइम जास्त तापमानाला टिकावं), पूर्ण नवीन आकार बनवणं, आणि तिसरं म्हणजे बाइंडर, जे दुसऱ्या एखाद्या प्रोटीनला, म्हणजे टार्गेटला, जाऊन घट्ट चिकटतं.

माझं मत विचाराल तर पहिलं डिझाइन ८० ते १०० अमिनो ॲसिडचं, कुठलंही टार्गेट नसलेलं, साधं घ्या. सगळ्या पायऱ्या एकदा हाताखालून जातात. मग दुसऱ्या वेळी बाइंडर. एन्झाइमच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका, तिथं ॲक्टिव्ह साइटमध्ये, म्हणजे जिथं एन्झाइमचं काम घडतं त्या जागेत, अणू थोडा जरी इकडचा तिकडं झाला तरी काम होत नाही.

बाइंडरसाठी विषय शोधत असाल तर आपल्या भागाला जवळचा एक सांगतो. रात्री मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्यांना साप चावतो हे आपल्याकडं नवीन नाही. सध्याचं अँटीव्हेनम घोड्याच्या रक्तातून बनतं, ते नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांवर चालतं. पण नागाच्या विषातले थ्री-फिंगर टॉक्सिन नावाचे बारके प्रोटीन इतके लहान असतात की घोड्याच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी कमी तयार होतात. बेकर यांच्या लॅबनं आणि डेन्मार्कच्या टीमनं याच टॉक्सिनला पकडणारी नवीन प्रोटीनं आरएफडिफ्युजन वापरून बनवली आणि उंदरांवर ती चालल्याचं जानेवारी २०२५ मध्ये नेचरमध्ये छापून आलं. घोणशीच्या विषाचा प्रकार वेगळा आहे, तिथं हे लागू होत नाही, आणि माणसाच्या औषधापर्यंत अजून लांबचा पल्ला आहे, त्यामुळं साप चावल्यावर आजही दवाखाना आणि अँटीव्हेनम हाच उपाय. पण शिकायला हा विषय फार चांगला, टार्गेट लहान आहे आणि आपल्या माणसांच्या कामाचा आहे.

२. आकार वाचायला शिका

ही पायरी सगळे गाळतात, आणि मग पुढं काहीच कळत नाही. प्रोटीन डेटा बँकेतून, म्हणजे प्रोटीनच्या आकारांच्या फाइलींच्या साठ्यातून, जी १९७१ पासून चालू आहे, टॉप-सेव्हन नावाच्या प्रोटीनची फाइल उतरवा, तिचा कोड १ क्यू वाय एस. २००३ साली बेकर यांच्या लॅबमध्ये ब्रायन कुलमन आणि सहकाऱ्यांनी हे ९३ अमिनो ॲसिडचं प्रोटीन बनवलं, असा फोल्ड निसर्गात तोवर कुणी पाहिलेला नव्हता. कायमेरा-एक्समध्ये उघडून हेलिक्स (स्प्रिंगसारखी गुंडाळी) कुठं, शीट (शेजारी-शेजारी लागलेल्या पट्ट्या) कुठं, त्यांना जोडणारा लूप कुठं वळतोय ते बघा, मग हायड्रोफोबिक रंग लावा आणि तेलकट अमिनो ॲसिड आत कशी दडून बसलीत, पाण्याकडं तोंड करून कोण आहेत ते बघा. प्रोटीन घडी घालून राहतं ते मुख्यतः या आतल्या गाभ्यामुळं. बॅकबोनचे, म्हणजे प्रोटीनच्या मुख्य साखळीच्या सांगाड्याचे, कोन कुठले चालतात कुठले नाही हे तर आपल्याच देशात, मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये दाखवलं, तो रामचंद्रन प्लॉट तुम्ही बीएस्सीला काढलाच असेल, तो इथं रोज कामाला येतो.

टार्गेटची फाइल घेताना सांभाळायच्या गोष्टी:

साप एकच आहे का ते बघा. डेटा बँकेत अल्फा-कोब्राटॉक्सिनचे आकार मिळतात, ते ७१ अमिनो ॲसिडचं आहे, पण ते एका गोलाचं चिन्ह असलेल्या नागाचं आहे, आपल्याकडचा चष्म्याच्या खुणेचा नाग ही वेगळी जात. तुमचा प्रश्न आपल्या नागाबद्दल असेल तर दोन्ही सिक्वेन्स शेजारी ठेवून फरक कुठं पडतो ते आधी तपासा.

फाइलमध्ये कधी कधी मधलेच अमिनो ॲसिड गायब असतात, कारण क्रिस्टलमध्ये ते हलत होते म्हणून दिसलेच नाहीत. नंबर १ पासून सुरू होतीलच असं नाही. चेनचं (फाइलमधल्या प्रत्येक प्रोटीन साखळीला एक अक्षर दिलेलं असतं) नाव काय आहे, पाणी आणि इतर केमिकल फाइलमध्ये राहिलीत का, सगळं बघून साफ करून घ्या. हॉटस्पॉटचे, म्हणजे टार्गेटवर जिथं चिकटायचं त्या अमिनो ॲसिडचे, नंबर पुढं याच फाइलमधले द्यायचे असतात, पेपरमधले नाही, आणि इथंच नवख्यांचे दिवसच्या दिवस जातात.

३. बॅकबोन बनवा

यासाठी आरएफडिफ्युजन. २०२३ मध्ये आलं. अणूंचा नुसता गोंधळ घेऊन त्यातला गोंधळ टप्प्याटप्प्यानं कमी करत शेवटी प्रोटीनसारखा आकार काढतं. कोलॅबवर याचं तयार नोटबुक आहे, त्यात कॉन्टिग नावाचा रकाना असतो, तिथं फक्त १०० लिहिलं की १०० अमिनो ॲसिडचं नवीन प्रोटीन मिळतं. टप्पे ५० ठेवा. पहिल्यांदा पाच-दहाच बनवा.

बाइंडर करताना टार्गेटची चेन, बाइंडरची लांबी आणि हॉटस्पॉट म्हणजे टार्गेटवरच्या कुठल्या अमिनो ॲसिडजवळ चिकटायचं ते द्यावं लागतं. तीन ते सहा हॉटस्पॉट पुरे. जागा निवडताना तिथं दोन-चार तरी तेलकट अमिनो ॲसिड असावीत, पूर्ण चार्ज असलेल्या सपाट जागेवर बाइंडर बसवणं अवघड जातं. जवळ साखरेची साखळी लागलेली असेल तर ती जागा सोडा. टार्गेट मोठं असेल तर लागेल तेवढाच तुकडा कापून घ्या नाहीतर फुकटच्या जीपीयूची मेमरी भरते, पण कापताना आतला गाभा उघडा पडणार नाही असं कापा, कारण तो उघडा पडला की डिझाइन जाऊन तिथंच चिकटतं आणि खऱ्या प्रोटीनमध्ये ती जागाच बाहेर नसते.

आता महत्त्वाचं. आरएफडिफ्युजनमधून निघालेल्या फाइलमध्ये नवीन भागात सगळीकडं ग्लायसिन दिसतं. ते पाहून घाबरू नका आणि तो सिक्वेन्स म्हणून कुठं वापरूही नका. या टप्प्यावर फक्त सांगाडा तयार झालेला असतो, सिक्वेन्स अजून ठरायचाय.

दुसरं म्हणजे हे मॉडेल हेलिक्सकडं जास्त झुकतं, दहातले बहुतेक डिझाइन हेलिक्सचे गठ्ठे निघतात. सुरुवातीला ते चांगलंच आहे, हेलिक्सवाले प्रोटीन लॅबमध्ये बनायलाही सोपे जातात.

४. सिक्वेन्स भरा

इथं प्रोटीन-एमपीएनएन वापरायचं, हेही बेकर यांच्याच लॅबचं, २०२२ चं. सांगाडा दिला की त्यावर बसणारा सिक्वेन्स सेकंदात देतं. आधी हे काम रोझेटा नावाचं जुनं सॉफ्टवेअर करायचं. निसर्गातल्या प्रोटीनचा सांगाडा देऊन मूळ सिक्वेन्स किती परत येतो हे मोजलं तेव्हा रोझेटाचं उत्तर ३२.९ टक्के होतं आणि एमपीएनएनचं ५२.४ टक्के, म्हणून आता सगळे हेच वापरतात.

टेम्परेचर (सिक्वेन्स निवडताना किती मोकळीक द्यायची त्याचा आकडा) ०.१ ठेवा, एका सांगाड्याला आठ सिक्वेन्स काढा. सिस्टीन वगळा, नाहीतर दोन सिस्टीनमध्ये नको तिथं डायसल्फाइड बंध जुळून लॅबमध्ये गुठळ्या होतात. विरघळणाऱ्या प्रोटीनवर शिकवलेलं सॉल्युबल मॉडेल नोटबुकमध्ये असेल तर ते निवडा. आणि बाइंडर असेल तर टार्गेटची चेन फिक्स केलीय ना हे दोनदा बघा, ती फिक्स केली नाही तर एमपीएनएन टार्गेटचाच सिक्वेन्स बदलून टाकतं, पुढचे आकडे झकास येतात, आणि तुम्ही जगात नसलेल्या टार्गेटसाठी बाइंडर बनवलेला असतो.

५. उगवण तपासा

सोयाबीन पेरायच्या आधी घरच्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते आपण बघतो, आणि ७० च्या खाली आले तर ते बियाणं पेरत नाही, या पायरीचं काम तेच आहे. एमपीएनएनचा सिक्वेन्स अल्फाफोल्ड २ ला द्यायचा, आकार न सांगता, आणि बघायचं की त्याच्या अंदाजानं येणारा आकार आपल्या सांगाड्याशी जुळतो का. यासाठी कोलॅबफोल्ड, म्हणजे कोलॅबवर अल्फाफोल्ड चालवायचं तयार नोटबुक, सोयीचं.

नवीन प्रोटीनला निसर्गात भाऊबंद नसतात, म्हणून कोलॅबफोल्डमध्ये, मिळते-जुळते सिक्वेन्स न शोधणारा, सिंगल सिक्वेन्स हा पर्याय निवडा. रीसायकल, म्हणजे अंदाज परत आत घालून सुधारायच्या फेऱ्या, तीन ठेवा.

मग हे आकडे बघा:

पीएलडीडीटी, म्हणजे आकाराच्या अंदाजाबद्दल मॉडेलला किती खात्री आहे तो आकडा, ० ते १०० मध्ये असतो. ९० च्या वर म्हणजे मॉडेलला फार खात्री, ७० ते ९० बरं, ५० च्या खाली सोडून द्या. डिझाइनसाठी मी सरासरी ८५ च्या खालचं ठेवतच नाही.

आरएमएसडी, म्हणजे सांगाडा आणि अंदाज यातलं अंतर. २ अँगस्ट्रॉमच्या आत पाहिजे.

पीएई, म्हणजे एक भाग दुसऱ्या भागाच्या तुलनेत कुठं आहे याबद्दलची शंका. बाइंडरसाठी हा सगळ्यात कामाचा आकडा. बाइंडर आणि टार्गेट यांच्यामधला पीएई १० च्या खाली असेल तरच पुढं घ्या. बाइंडरचा स्वतःचा पीएलडीडीटी ९५ आणि मधला पीएई २५ असेल तर त्याचा अर्थ प्रोटीन छान घडी घालतंय पण चिकटत नाहीये. फक्त निळा रंग (चित्रात जास्त पीएलडीडीटीचा भाग असा दिसतो) बघून खूष होणारे इथंच फसतात.

हेही लक्षात ठेवा की पीएलडीडीटी म्हणजे टिकाऊपणा नाही, आणि काम करण्याची हमी तर अजिबातच नाही. सिक्वेन्समध्ये एक घातक बदल केला तरी अल्फाफोल्ड बऱ्याचदा तोच आकार दाखवतं. ही गाळणी वाईट डिझाइन काढून टाकायला चांगली आहे, चांगलं कोणतं ते ठरवायला अपुरी आहे. तरी ती लावायचीच, कारण बाइंडरच्या कामात अशी तपासणी लावल्यावर लॅबमधलं यश जवळपास दहापट वाढल्याचं २०२३ मध्ये छापून आलंय.

दहातलं एकही पास झालं नाही तर निराश होऊ नका, तसंच असतं. मोठ्या लॅब बाइंडरसाठी हजारांनी सांगाडे काढतात. आरएफडिफ्युजनच्या नोटबुकमध्ये नॉइज (दर टप्प्यावर मिसळला जाणारा गोंधळ) कमी करायची सोय असेल तर अर्ध्यावर आणून बघा, डिझाइनमधलं वैविध्य कमी होतं पण दर्जा सुधारतो. हॉटस्पॉट बदलून बघा. बाइंडरच करायचा असेल आणि तिन्ही साधनं वेगवेगळी चालवायचा कंटाळा येत असेल तर स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलमधून आलेलं बाइंडक्राफ्ट आहे, ते हे सगळं एकातच करतं, फक्त जीपीयू जास्त वेळ लागतो. पण एकदा तरी हातानं तिन्ही पायऱ्या करा, नाहीतर कुठं बिघडलं ते सापडत नाही.

६. शीटमध्ये लिहा आणि हातानं निवडा

प्रत्येक डिझाइनला एक ओळ: नाव, सांगाड्याची फाइल, सिक्वेन्स, टेम्परेचर, कुठलं मॉडेल, तिन्ही आकडे, तारीख. नोटबुकं सारखी बदलत असतात, महिन्याभरानं "हे कसं काढलं होतं" याचं उत्तर फक्त या शीटमध्ये असतं. नापास झालेलेही लिहा.

पास झालेल्यांतले वेगवेगळ्या आकाराचे निवडा, एकाच सांगाड्याचे आठ भाऊ घेऊ नका. मग प्रत्येक सिक्वेन्स एक्सपासी वेबसाइटवरच्या प्रोटपॅरम या साधनात टाका, ते सिक्वेन्सवरून प्रोटीनचे गुणधर्म काढून देतं. आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला प्रोटीनचा एकूण चार्ज शून्य होतो तो) तुमच्या बफरच्या पीएचच्या जवळ असेल तर प्रोटीन खाली बसण्याची शक्यता. ॲलनिनची लांबच लांब रांग किंवा ग्लुटामेट-लायसिन-ग्लुटामेट-लायसिन असं सारखं येत असेल तर तेही बाजूला ठेवा.

ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसिन आहे का हे नक्की बघा. हे कुणी सांगत नाही. दोन्ही नसतील तर २८० नॅनोमीटरला प्रोटीन दिसतच नाही, आणि लॅबमध्ये प्रोटीन असूनही "काही आलंच नाही" असं वाटतं. टॅगच्या (प्रोटीन वेगळं काढायला जोडलेल्या शेपटीच्या, पायरी ७ बघा) जोडणीत एक ट्रिप्टोफॅन टाकून दिलं की प्रश्न मिटतो.

ब्लास्टही करून बघा, म्हणजे माहीत असलेल्या सिक्वेन्सशी आपला जुळतो का ते शोधा. अगदी जवळचं नैसर्गिक प्रोटीन निघालं तर ते नवीन म्हणून सांगता येणार नाही.

७. लॅबकडं जाताना

इथून पुढं पैसे आणि कागदपत्रं. सिक्वेन्सवरून जीन बनवून देणाऱ्या कंपन्या आहेत, प्रोटीन लहान असलं की खर्चही कमी येतो. ऑर्डर देताना ई. कोलाय या जिवाणूसाठी कोडॉन ऑप्टिमाइझ करा, म्हणजे त्याला सोपी जातील अशी डीएनएची अक्षरं निवडा, सुरुवातीचं मेथिओनिन आणि शेवटचा स्टॉप कोडॉन आहेत का बघा, सहा हिस्टिडिनचा टॅग कुठल्या बाजूला येणार ते व्हेक्टरचा (जीन ज्यात बसवून जिवाणूत घालतात त्या डीएनएचा) नकाशा समोर ठेवून ठरवा. टॅग व्हेक्टरमध्ये शेवटी असेल आणि तुम्ही त्याआधी स्टॉप टाकला तर टॅग बनतच नाही. क्लोनिंगला जी एन्झाइमं वापरणार त्यांची जागा जीनच्या मध्ये येत नाही ना हेही बघा.

कागदपत्रं म्हणाल तर गाइडच्या सहीचं कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र, जीएसटीसकट कोटेशन, आणि कॉलेजच्या संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची मंजुरी. आपल्याकडं जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंवरच्या कामाला १९८९ चे नियम लागू आहेत, त्यामुळं ही समिती टाळून काही करू नका. कॉलेजमध्ये समिती नसेल तर ज्यांच्याकडं आहे त्यांच्या लॅबमध्येच काम करा. विषारी प्रोटीनची जीन मागवायला जाऊ नका, सर्पविषाच्या प्रकल्पातसुद्धा आपण बनवायचं ते पकडणारं प्रोटीन. कंपन्या येणारा प्रत्येक सिक्वेन्स तपासतात आणि ते बरोबरच आहे. टॉक्सिनवरची चाचणी ज्या लॅबला त्याची परवानगी आणि अनुभव आहे तिथंच व्हायला पाहिजे.

लॅबमध्ये पहिल्या फेरीत एवढंच बघायचं: बीएल२१ या ई. कोलायच्या प्रकारात प्रोटीन बनतंय का, जेलवर योग्य जागी पट्टा येतोय का, निकेल कॉलमनंतर (हिस्टिडिनचा टॅग याला धरतो) विरघळलेलं राहतंय का, आणि सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम) मशीनवर हेलिक्सची खूण, म्हणजे २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दोन खड्डे, दिसतायत का. चांगलं डिझाइन बऱ्याचदा ९५ अंशापर्यंत तापवलं तरी उलगडत नाही. सीडी मशीन आपल्या विद्यापीठात नसेल तर पुण्यात एनसीएल, आयसर, एनसीसीएस अशा संस्था आहेत, तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना मेल करा.

लायसन्सचं थोडक्यात: आरएफडिफ्युजन आणि प्रोटीन-एमपीएनएन खुली आहेत, धंद्यासाठीही चालतात. रोझेटा शिक्षणासाठी फुकट, कंपनीसाठी पैसे. अल्फाफोल्ड ३ ची वेट्स (शिकवलेल्या मॉडेलचे आकडे) फक्त बिगरव्यावसायिक कामासाठी मिळतात, स्टार्टअपचा विचार असेल तर ते टाळा आणि त्याच कामाचं खुलं मॉडेल बोल्ट्झ-१ बघा.

मेल करताना "सर मला तुमच्याकडं काम करायचंय" एवढंच लिहू नका, असे मेल त्यांना रोज येतात. पायरी १ चं ते एक वाक्य लिहा, खाली निवडलेल्या तीन-चार डिझाइनचे आकडे, सोबत सांगाडा आणि अल्फाफोल्डचा अंदाज एकावर एक ठेवलेलं चित्र, सिक्वेन्सची एफएएसटीए (फास्टा) फाइल आणि पायरी ६ ची शीट जोडा, नापास डिझाइनसकट. मराठी मीडियमचे असाल, इंग्रजी मोडकंतोडकं असेल तरी चालतं, शीट नीट असली की समोरचा वाचतो.